आर-२९० च्या मशीनला हात लावण्याआधी

लेकरा, लातूरच्या मे महिन्यात कॉलवर कॉल येतात, घाई होणारच. पण एसी असो की पाणी तापवायचा हीट पंप, पाटीवर आर-२९० दिसलं की आधी थांब. हा प्रोपेन आहे, मशीनमध्ये थंडावा खेळवणारा पण पेट घेणारा गॅस. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला तो नसतो. नाकावर विसंबू नकोस, ज्वलनशील गॅसचा लीक डिटेक्टर जवळ ठेव. हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून फरशीलगत साचतो. हवेत साधारण २ टक्के झाला तरी ठिणगी पुरे. दारं-खिडक्या उघड, देवघरातली समई शांत करायला सांग. म्हातारी माणसं कुरकुरतात, तरी सांग.

ब्रेझिंगआधी, म्हणजे टॉर्चने नळ्या जोडण्याआधी, गॅस बाहेर मोकळ्यावर काढ, लाइनमधून नायट्रोजन फिरव, टॉर्च त्यानंतरच. चार्ज, म्हणजे भरायचा गॅस, वजनकाट्यावर मोजून, पाटीवरच्या ग्रॅमइतकाच. प्रेशर बघून अंदाजे भरायची सवय इथे सोड.

सिलिंडरमधला घरगुती गॅस भरू म्हणणारे भेटतील. त्यात ब्युटेनही असतो, म्हणून तो चालत नाही. आर-२२ या जुन्या गॅसच्या मशीनमध्येही प्रोपेन घालू नकोस, तिचे रिले-स्विच त्यासाठी बनलेले नाहीत. गिऱ्हाईक रागावून गेलं तर जाऊ दे.