समरी वाचून कादंबरीचा अभ्यास केला, तर ती लबाडी होते का?

टीवायबीएला इंग्रजी साहित्य घेतलेल्या एका मुलीचा हा प्रश्न. शाळा मराठी माध्यमाची, घर विरारला, कॉलेज चर्चगेटला. अभ्यासाला चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. पुस्तक तिने तीनदा उघडलं आणि तिन्ही वेळा पाच-सहा पानांवर मिटलं. मग मोबाईलवर सगळ्या ५९ प्रकरणांच्या समऱ्या दोन दिवसांत वाचून काढल्या. गोष्ट कळली, पण सराव परीक्षेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ कोरंच राहिलं. ‘मी सगळ्यांना फसवतेय,’ असं म्हणताना तिला रडू फुटलं.

समरी वाचणं ही लबाडी नाही. मुळात ही कादंबरी १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. आठवड्याला एक-दोन प्रकरणं, मग सात दिवस वाट पाहायची. पहिल्या वाचकांनीही ती एका दमात संपवली नव्हती. चूक होते ती समरीच्या भरवशावर मूळ पान सोडण्यात.

सत्ताविसावं प्रकरण घ्या. समरीत एक ओळ सापडते: ‘जो’ नावाचा लोहार लंडनला कादंबरीच्या नायकाला, पिपला भेटायला येतो, पिपला त्याची लाज वाटते. यावर दहा गुणांचं उत्तर कसं लिहिणार? मूळ प्रकरणात, पिपला लहानाचं मोठं करणारा हा लोहार त्याला कधी ‘पिप’ म्हणतो, कधी ‘सर’. शेकोटीवरच्या फळीच्या अगदी कोपऱ्यावर तो टोपी ठेवतो आणि ती सारखी पडत राहते. दोघांतलं अवघडलेपण त्या टोपीत आहे. शिवाय हे सांगतोय तो मोठा झालेला पिप, तेव्हाच्या वागण्याने खंतावलेला. समरीत हा आवाज पुसला जातो, आणि परीक्षेत विचारतात नेमकं त्याबद्दल.

म्हणून असं ठरलं: रोज दोन प्रकरणं, महिनाभर. विरार लोकलच्या गर्दीत जाडजूड पुस्तक उघडणं शक्य नाही, तिथे फक्त त्या दोन प्रकरणांची समरी. मूळ प्रकरणं लेक्चरांच्या मधल्या वेळात लायब्ररीत. एका पानाला तीनच शब्द डिक्शनरीत पाहायचे. जास्त पाहिले की वाक्याचा धागा सुटतो आणि पुस्तक परत मिटतं. मग दोन्ही बंद करून वहीत पाच ओळी: कुठे घडलं, कोण होतं, काय बदललं, एक मूळ वाक्य (ते तेवढं पुस्तक उघडून, पान क्रमांकासह), आणि समरीत नसलेली एक गोष्ट. पाचवी ओळ सुचली नाही, तर प्रकरण नुसतं नजरेखालून गेलं असं समजायचं. मूळ वाक्य सोडून बाकी मराठीत लिहिलं तरी चालेल, हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

परीक्षा तोंडावर असेल तर १, ८, १८, २७, ३९, ४९, ५७ आणि ५९ ही आठ प्रकरणं पूर्ण वाचावीत, बाकीची समरीवर. शेवटाबद्दल सावध राहा: डिकन्सने छपाईआधी तो बदलला होता, त्यामुळे काही ठिकाणी दोन शेवट दिलेले असतात. नेमलेल्या प्रतीतलाच लिहायचा.

पिपला पैसा पुरवणारा कोण, हे ३९व्या प्रकरणात उघड होतं. इतरांनी तिथे समरी नंतर वाचावी. हिला ते आधीच ठाऊक होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात वहीत तिची पाचवी ओळ होती: ‘जिन्यातले दिवे वाऱ्याने विझलेत. पिप वाचायचा दिवा उचलून बाहेर येतो.’ समरीत दिव्याचा उल्लेखही नव्हता.