रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यावा की मल्टिटूल (एकातच अनेक अवजारं)?

आधी आठवडाभर लक्ष ठेवा, नेमकं कशावाचून अडतं. पार्सलची चिकटपट्टी, मसाल्याचं पाकीट, कपड्याचा सुटलेला धागा, एवढंच असेल तर व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा ५८ मिलिमीटरचा 'क्लासिक एसडी' चाकू पुरतो. किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो आणि त्यातली कात्री तर पात्याहून जास्त वापरली जाते. म्हणूनच ९१ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंत मी 'स्पार्टन'ऐवजी 'क्लाइंबर' सुचवेन. स्पार्टनला कात्री नाही. पेरू-आंबा कापायलाही क्लाइंबरचं पातं छान.

पक्कड असलेलं, लेदरमन कंपनी बनवते तसलं मल्टिटूल दुचाकी दुरुस्ती किंवा वायरिंग करणाऱ्यांनीच घ्यावं. ते जड असतं, आणि जड वस्तू चार दिवसांत खिशातून ड्रॉवरमध्ये जाते.

पात्याला लॉक नसेल तर टोक खुपसून जोर लावू नका, पातं मिटून बोटावर येतं. फळ कापल्यावर कोमट पाण्यात धुवा, पुसून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. समुद्राकाठी राहत असाल तर हे विसरूच नका.

विमानप्रवासात चाकू केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. मेट्रोच्या तपासणीतही अडवू शकतात. महाराष्ट्रात सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस शस्त्रबंदीचे आदेश काढतात, त्यांत बऱ्याचदा चाकूही येतो. त्या दिवसांत तो घरीच ठेवा. आणि बटण दाबताच उघडणारा चाकू स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.