एक किलोचे डंबेल्स बाजूला ठेव

प्रिय,

पन्नाशी-साठीच्या बायकांची बॅच तुझ्याकडे आली, बरं झालं. तू त्यांच्यासाठी आखलेला व्यायामाचा तक्ता पाहिला. चालणं, स्ट्रेचिंग, एक किलोचे डंबेल्स आणि तीन महिने तेच ते. काळजीपोटी केलंयस हे कळतं, पण एवढं जपून ताकद येत नाही.

पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. स्नायूही वयाबरोबर झिजतात. दोघांनाही भार लागतो, तो हळूहळू वाढवावाही लागतो. १९९० साली संशोधक डॉक्टर मारिया फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे जड वजनाने पायांचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग तुझ्या बावन्न वर्षांच्या बाईंनी काय घोडं मारलंय?

सुरुवात खुर्चीपासून कर. हात छातीशी धरून उठायला सांग आणि उठण्यापेक्षा बसणं नीट बघ. शेवटच्या वीतभर अंतरात अंग धपकन पडलं, की मांड्या तिथे हार मानतात असं समज. खुर्चीवर उशी ठेव, सावकाश बसव. ते जमलं की उशी काढ, मग हातात वजन दे. दहा-बारा वेळा गप्पा मारत जमायला लागलं, की वजन कमी पडतंय. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायलाच हव्यात, फक्त श्वास कोंडू देऊ नकोस. हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोल आणि पाठ गोल करून वजन उचलणं टाळ.

आणखी एक, जे कुणी आपणहून सांगणार नाही. उडी मारताना, जोर लावताना अनेकींना लघवी निसटते. मग त्या ‘गुडघा दुखतोय’ म्हणतात, किंवा यायच्याच बंद होतात. एकेकीला बाजूला घेऊन सरळ विचार. पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या, व्यायामाने बहुतेकींना फरक पडतो.

पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही दे. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. वजनकाटा मात्र हॉलमधून हलव. त्यावर उभं राहून निम्म्याजणी हिरमुसतात.

अर्ध्या मिनिटात कोण किती वेळा उठते-बसते, तेवढं लिहून ठेव आणि महिन्याने मला आकडे पाठव.

तुझी,
ताई