आठ एमएम म्हणजे ३१५ नव्हे

बंदुका-रायफली दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. हल्ली येणारी निम्मी पत्रं एकाच वळणाची असतात. आजोबांची शिकारी रायफल कपाटातून निघाली, नळीवर कसलासा आकडा आहे, त्याचं काडतूस मिळत नाही आणि कुणीतरी सांगितलंय की "अमुक काडतूस चालतं". प्रत्येकाला वेगळं लिहिणं होत नाही, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : माझ्याकडे १९३० च्या आसपासची जर्मन माउझर रायफल आहे. नळीवर ८ आणि ५७ हे आकडे आहेत. परवान्यावर मात्र "३१५ बोअर" (बोअर म्हणजे नळीच्या मापाचं नाव) लिहिलंय. दुकानदार म्हणाला, आठ मिलिमीटर म्हणजेच ३१५, काडतुसं घेऊन जा. बसत नसतील तर बुडाची कडा लेथवर उतरवून देतो. घेऊ का? (सातारा)

नाही. एकही काडतूस घेऊ नका, आणि घेतलं असेल तर त्या रायफलीत घालू नका.

दुकानदाराचा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. ०.३१५ इंच म्हणजे आठ मिलिमीटर, यात खोट नाही. पण काडतूस एका आकड्यावर बनत नाही. आपल्याकडचं ३१५ हे मूळचं ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतूस. त्याची पितळी नळी साधारण ५० मिलिमीटर लांब आणि बुडाला बाहेर आलेली कडा. तुमची रायफल ५७ मिलिमीटरच्या, बिनकडेच्या काडतुसासाठी बनली आहे. दोन्हींचा खांदा, म्हणजे पितळ जिथे निमुळतं होतं तो भाग, वेगळ्या जागी, उतार वेगळा, बुडाचा घेर वेगळा. ३१५ चं बूड तुमच्या बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, तोंडात बसतच नाही. ते बसत नाही हीच तुमची सुरक्षा आहे, आणि तो माणूस नेमकी तीच लेथवर कापायला निघालाय. कडा उतरवलेलं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, नीट बसत नाही. बार झाला की आधार नसलेलं पितळ फाटतं आणि हजारो पौंड दाबाचा वायू बोल्टच्या बाजूने मागे येतो. मागे तुमचा डोळा असतो. अशी एक रायफल माझ्या बाकावर आली होती. बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागला आणि दस्ता पकडीपाशी उभा चिरला होता. ती घेऊन येणाऱ्याच्या गालात पितळेचे कण होते. डोळा वाचला, तो केवळ चष्म्यामुळे.

आता दुसरा धोका, जो पुष्कळ जाणकारांनाही ठाऊक नसतो. खुद्द ८ बाय ५७ मध्येही दोन जाती आहेत. १८८८ च्या जुन्या जातीची गोळी सुमारे ०.३१८ इंच व्यासाची. १९०५ मध्ये जर्मन सैन्याने टोकदार गोळी आणली, ती ०.३२३ इंचाची. फरक इंचाच्या पाच सहस्रांशाचा, नखाला कळणार नाही इतका. पण सैन्याने बदल केला तरी शिकारी रायफली बनवणारे कारखाने पुढे कित्येक वर्षं जुन्या, अरुंद मापाच्या नळ्या बनवत राहिले. अशा नळीत नवी जाड गोळी घातली की दाब बेसुमार चढतो. ओळख एका अक्षराची असते. जुन्या जातीला "आय" (आपल्याकडे आणि इंग्लंड-अमेरिकेत ते चुकून "जे" वाचलं गेलं आणि तसंच रूढ झालं), नव्या जातीला पुढे "एस". अक्षर पुसट असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

मग करायचं काय? परवानाधारक गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घ्या. कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओततात, आमच्या उस्तादांच्या काळी गंधक ओतायचे. नळीतून मऊ शिशाची गोळी ढकलून खाचांचं खरं माप मायक्रोमीटरवर घेतात. ही दोन मापं आणि नळीवरचे प्रूफ शिक्के (नळी दाबाला तपासल्याच्या खुणा) हाती आल्याशिवाय रायफल कुठल्या काडतुसाची हे मीही सांगणार नाही, आणि सांगणाऱ्याचं तुम्ही ऐकू नका. बोअरचं नाव हे नाव असतं, माप नसतं. ४०४ जेफरीची गोळी ०.४२३ इंचाची असते. ३०३ ची ०.३११ ची. ३१८ वेस्टली रिचर्ड्सची ०.३३० ची. आणि नावाने निराळी वाटणारी २७५ रिग्बी आणि सात बाय ५७ माउझर ही दोन एकच काडतूस आहेत.

शेवटचं, परवान्याबद्दल. कधीतरी एखाद्या कारकुनाने "८ एमएम"चं "३१५" केलं आणि पुढची प्रत्येक नूतनीकरणाची नोंद त्यावरून उतरली. दुकानदार परवान्यावर लिहिलेलंच काडतूस देतो, म्हणून ही चूक जीवघेणी आहे. गनस्मिथचा लेखी अहवाल जोडून परवाना शाखेकडे दुरुस्तीचा अर्ज करा. पेनाने स्वतः खाडाखोड करू नका.

प्रश्न : वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांची ३७५ मॅग्नम घरीच कुलपात आहे. मुलांत कोणी घ्यायची ते ठरल्यावर अर्ज करू म्हणतो. चालेल ना? (अहमदनगर)

चालणार नाही. परवाना वडिलांचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे वारसांनी विनाकारण उशीर न लावता शस्त्र आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा अनुमती असलेल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. आज तुमच्या घरात परवाना नसलेली रायफल आहे, आणि "भावांचं एकमत झालं नाही" हे त्याला उत्तर नाही. आधी वकिलाशी बोला आणि त्याला सोबत घेऊन लगेच जमा करा. पावतीवर बनावट, नंबर आणि बोअर रायफलीवरून बघून लिहून घ्या, जुन्या कागदावरून नको. वारसाने परवाना मागण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. भावांनी भांडायचं ते रायफल जमा केल्यावर भांडावं.

इतर वाचकांसाठीही सांगतो. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. घरात वडीलधारे असतील तर हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. तिथे ३१८ वेस्टली रिचर्ड्सची काडतुसं मिळतात. येताना दहा-वीस आणली तर? (पुणे)

आणू नका. सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी विमानतळावर गुन्हा दाखल होतो. रिकामी पितळी नळीही "आठवण" म्हणून आणू देऊ नका.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत किनॉक कंपनीचे सीलबंद डबे आहेत. सीलबंद असल्याने माल ताजाच म्हणायचा ना? एक ओळखीचा माणूस अशीच काडतुसं दर नगाला भरमसाट भावाने विकतो. (सावंतवाडी)

किनॉकने ही मोठी शिकारी काडतुसं बनवणं १९६० च्या दशकातच आवरतं घेतलं. म्हणजे तुमचा माल साठीच्या आसपासचा, आणि कोकणातल्या तितक्याच पावसाळ्यांतून गेलेला. डबा सीलबंद असला तरी त्यात कॉर्डाइट दारू आहे. ती उष्णतेला इतकी हळवी की या काडतुसांचे उष्ण प्रदेशासाठी वेगळे, कमी दारूचे भार भरले जात. बुडातली ठिणगी देणारी टोपी मेली असेल तर नुसता "टक" होईल. अर्धमेली असेल तर चाप ओढल्यावर क्षणभर थांबून बार होईल, आणि त्या क्षणात माणूस बोल्ट उघडतो. रेंजवर कधी असं झालं तर नळी निशाणाकडेच धरून किमान एक मिनिट हलायचं नाही, मग रेंज अधिकाऱ्याला हाक मारायची.

त्या ओळखीच्या माणसाबद्दल स्पष्ट लिहितो. परवाना नसताना काडतुसं विकणारा आणि नोंद न करता घेणारा, दोघेही गुन्हेगार. "दुर्मीळ" म्हटलं की लोक किंमत विचारतात, पावती विचारत नाहीत. तुमच्या पेटीतली काडतुसं परवान्यात बसतात का ते परवाना शाखेत विचारा. बसत नसतील तर पोलिसांच्या ताब्यात द्या. विहिरीत टाकू नका, जाळू नका.

प्रश्न : बोअर बदलून ३१५ करून देतो असं एक कारागीर म्हणतो. (लातूर)

ज्याच्याकडे त्या कामाचा परवाना नाही त्याने केलेला बदल म्हणजे बेकायदा शस्त्रनिर्मिती. त्याचा नंबरही ठेवू नका.

प्रश्न : आमच्याकडे ४७० ची दुनळी रायफल आहे. सरळ ४५० किंवा ५०० न ठेवता ४७० असा विचित्र आकडा का? आणि हिची गोळी मिळेल का? (नागपूर)

या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला. १९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसांवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून. तेव्हा इथल्या शिकाऱ्यांसाठी इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी ४५० च्या शेजारचे आकडे शोधले : ४६५, ४७०, ४७५, ४७६. ३१५ सुद्धा असाच आपल्यात रुजला. ३०३ हा लष्करी बोअर, तो रयतेला बंद. आजही तो निषिद्ध बोअरच आहे. बंगालातल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी ३१५ दिसायला ३०३ ची बहीण आहे, कारण तिचा सांगाडा ली-एनफिल्डचा, म्हणजे ३०३ च्या लष्करी रायफलीचाच. काडतूस तेवढं वेगळं, आणि ते आपल्या पुण्याच्या खडकीत बनतं. आपल्या घराघरांतले हे अनवट बोअर असे कायद्याच्या पोटी जन्मले आहेत.

४७० ची काडतुसं आपल्याकडे बनत नाहीत. आणि मिळाली तरी एक लक्षात ठेवा. दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनाच्या, ठरावीक वेगाच्या गोळीसाठी जुळवलेल्या असतात. दुसरा भार घातला की दोन गोळ्या दोन दिशांना जातात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या ५०० एक्स्प्रेस रायफली. त्यांत काळ्या दारूची आणि नायट्रोची, म्हणजे बिनधुराच्या जोरदार दारूची, अशा जाती आहेत. काडतूस मापाने सारखंच, दाब मात्र कितीतरी वेगळा. काळ्या दारूच्या नळीत नायट्रो काडतूस गुळगुळीत बसतं आणि नळी उघडते. प्रूफ शिक्के वाचता येणाऱ्याला दाखवल्याशिवाय अशा रायफलीला हात लावू नका.

प्रश्न : रानडुकरं भात ठेवत नाहीत. घरच्या रायफलीने एखादं पाडलं तर? (राधानगरी)

शेतकऱ्याचं नुकसान मी पाहिलंय, तुमचा राग मला कळतो. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी झाडली तर तो शिकारीचा गुन्हा, मग शेत तुमचं का असेना. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नाव नोंदवायचं असतं. तुमच्या भागात ते लागू आहे, नोंद आहे का बघा. आधी नुकसानभरपाईचा अर्ज करा आणि वनक्षेत्रपालांना भेटा. शिकारी रायफलीची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या पुढे जाते, आणि तुमच्या बांधापलीकडे वस्ती आहे.

प्रश्न : आमची २७५ रिग्बी कॉर्बेटसाहेबांची असल्याचं घरात सांगतात. (मुंबई)

नाही. चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ मध्ये त्यांना भेट मिळालेली ती रायफल आज रिग्बी कंपनीकडेच आहे. तुमच्या रायफलीचा नंबर कंपनीला कळवलात तर ती कुणासाठी बनली ते बहुधा कळेल.

प्रश्न : रायफल कातडी पेटीत, खोबरेल लावून ठेवतो. वर्षातून एकदा रॉकेलने पुसतो. पुरेसं आहे ना? दिवाळीनंतर रेंजवर चालवायची इच्छा आहे. (रत्नागिरी)

तिन्ही गोष्टी बदला. कमावलेलं कातडं ओल धरतं आणि त्यातल्या आम्लाने लोखंड खातं. पेटी शोभेला ठेवा, रायफल बाहेर. खोबरेल काही महिन्यांत चिकट होऊन बोल्ट धरून बसतं, बंदुकीचंच पातळ तेल वापरा. आणि जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बारानंतर त्याचं मीठ नळीत राहतं, ते रॉकेलमध्ये विरघळत नाही. गरम पाण्यानेच धुवावं लागतं, मग कोरडं करून तेल.

रेंजवर नेण्याआधी बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे आरपार बघा. कोकणात कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. मी स्वतः दोनदा काढलंय. बोटभर मातीने नळी फुगते, कधी फुटते. दाट ग्रीस असेल तर तेही पूर्ण पुसा. मग गनस्मिथकडून बोल्ट आणि चेंबरमधलं अंतर गेजने तपासून घ्या. जिल्हा रायफल क्लबला आधी विचारा, सगळ्या रेंजवर मोठा बोअर चालवू देत नाहीत. पहिला बार खांद्याला लावून करायचा नाही. रायफल बाकाला बांधून दोरीने चाप ओढायचा, आणि तेही गनस्मिथ समोर असताना. पितळ तपासून त्याने हो म्हटलं, तरच दुसरं काडतूस भरा.