वर्गणी की मेंटेनन्स? ‘राइट टू वर्क’चा घोळ

प्रश्न थोडक्यात असा: भाच्याला टेनेसीत गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आहे. तिथला एक जण त्याला म्हणाला, ‘हे राइट टू वर्क राज्य आहे, म्हणजे कंपनी कधीही काढू शकते, आणि युनियनला इथे बंदी आहे.’ हे खरं का? आणि युनियन असलीच तर सभासद व्हावं का?

युनियनला बंदी नाही, आणि कंपनी कधीही काढू शकते याचा राइट टू वर्कशी संबंध नाही. मी मिशिगनमध्ये सुट्या भागांच्या कारखान्यात वीसेक वर्षं काढली, आणि कॉफीच्या मशिनपाशी हाच गोंधळ ऐकत आलो. कारण न देता नोकरीवरून काढता येतं त्याला इथे ‘ॲट-विल’ म्हणतात. मोंटाना सोडलं तर ते सगळीकडे आहे, आणि मोंटानात राइट टू वर्क कायदाच नाही! उलट ‘योग्य कारणाशिवाय काढायचं नाही’ हे कलम बहुतेक युनियनच्या करारातच सापडतं.

मराठी कानाला तर हे नाव जास्तच फसवतं. ‘कामाचा हक्क’ म्हटलं की आपल्याला रोजगार हमी आठवते, मागेल त्याला काम. इथे कोणी कोणाला काम देत नाही. कायदा एवढंच म्हणतो की युनियनला पैसे देणं ही नोकरीची अट करता येणार नाही. हे नाव गाजलं ते १९४१ साली डॅलसच्या एका वृत्तपत्राच्या अग्रलेखातून. बारसं करणारा हुशार होता, ‘काम करायचा हक्क’ नको असं कोण म्हणेल? पुढे टेक्सासच्या व्हॅन्स म्यूझने त्याचा दक्षिणेत प्रचार केला. गोऱ्या आणि काळ्या कामगारांना एका युनियनमध्ये बसावं लागेल, ही भीतीही तो घालत असे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ मध्ये या घोषणेला फसू नका असं बजावलं, ते उगाच नाही.

अशा राज्य कायद्यांना पक्का आधार दिला तो १९४७ च्या टाफ्ट-हार्टली या देशपातळीवरच्या कामगार कायद्याने. अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, तो झुगारला, आणि कलम १४(ब) प्रमाणे प्रत्येक राज्याला निर्णयाची मुभा मिळाली. आज २६ राज्यांत हा कायदा आहे. इंडियानाने १९५७ मध्ये केला, १९६५ मध्ये काढला, २०१२ मध्ये परत आणला. मिझुरीत विधिमंडळाने केला, पण २०१८ च्या मतदानात लोकांनीच सुमारे दोनास एक अशा फरकाने फेटाळला. मिशिगनने २०१२ मध्ये केला आणि २०२३ मध्ये रद्द केला. रेल्वे आणि विमान कंपन्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांचा कायदा वेगळा.

आता खरं भांडण. कायद्याच्या बाजूचे म्हणतात, ही गल्लीतल्या मंडळाची जबरदस्तीची वर्गणी आहे. मला तुमचा गणपती बसवायचा नाही, तरी पावती फाडायला दारात का उभे? विरोधक म्हणतात, वर्गणी कसली, हा सोसायटीचा मेंटेनन्स आहे. लिफ्ट वापरता, पाणी वापरता, मग पैसे द्या.

मला दुसरी उपमा जास्त पटते. कारण एकदा बहुमताने युनियन निवडून आली की ती त्या विभागातल्या सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी होते. पगारवाढ सगळ्यांना मिळते. सभासद नसलेल्याची तक्रारही तिला प्रामाणिकपणे हाताळावी लागते, ते कर्तव्य सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्येच, काळ्या रेल्वे कामगारांच्या खटल्यात, तिच्यावर टाकलं. थोडक्यात, लिफ्ट बंद करायची परवानगी नाही, आणि मेंटेनन्सही मागता येत नाही. शिवाय हा कायदा नसलेल्या राज्यांतही कोणाला पूर्ण सभासद व्हायची सक्ती नाही. १९८८ च्या बेक निकालापासून फक्त वाटाघाटी आणि प्रतिनिधित्वाचा खर्च द्यावा लागतो, राजकारणाचा नाही. सरकारी नोकरांना २०१८ च्या जेनस निकालाने तेवढंही माफ झालं. माझी बायको सरकारी शाळेत शिकवते. मिशिगनने कायदा रद्द केला तरी तिला पैसे न देण्याची सूट आहेच. ती देते.

मग युनियनने फक्त सभासदांपुरतंच का बोलू नये? हा प्रश्न विचारला की दोन्ही बाजू गप्प होतात. कंपनीला एकाच टेबलावर चार युनियन नको असतात, आणि युनियनलाही ‘एकमेव’ हा शिक्का सोडवत नाही. त्या शिक्क्याची ताकद मुंबईकरांना सांगायला नको. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार दत्ता सामंतांमागे, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी करायचा अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे!

पण दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्याकडे २०१३ च्या आधी पैसे आपोआप कापले जायचे आणि युनियनचे पदाधिकारी ऑफिसातून उठायचे नाहीत. कायदा लागू झाला आणि वर्षानुवर्षं न दिसलेला स्टुअर्ड, म्हणजे कारखान्यातला युनियनचा प्रतिनिधी, नव्या पोरांना स्वतः भेटायला लागला. युनियनने सुस्तावू नये म्हणून पैसे थांबवायची भीती थोडी तरी हवी, असं मला तेव्हापासून वाटतं. तरी कायदा रद्द झाला तेव्हा मला आनंद झाला. राज्यातलं सभासदांचं प्रमाण २०१२ मध्ये १६.६ टक्के होतं, २०२३ मध्ये १२.८ झालं. सगळा दोष कायद्याचा नाही, कारखानेही बदलले, पण वाटा आहे.

कायदा असला की युनियन मरतेच असंही नाही. नेवाडा हे राइट टू वर्क राज्य, तरी लास वेगासच्या हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनचे सुमारे ६० हजार सभासद आहेत. तुमच्या टेनेसीतच चॅटानूगाच्या फोक्सवागन कारखान्यात २०१४ आणि २०१९ ला युनियन हरली, २०२४ ला ७३ टक्के मतांनी जिंकली.

भाच्याच्या कारखान्यात युनियन आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तो सुपरवायझर असेल तर प्रश्नच मिटला, त्यांना युनियन करण्याबद्दलचा देशाचा कामगार कायदा संरक्षण देत नाही. तो लाइनवर असेल तर व्हिसा कोणता आहे याने सभासदत्वाला फरक पडत नाही. युनियन असली तर त्याने आधी करार मागून वाचावा, तक्रार कोणाकडे आणि किती दिवसांत द्यायची ते पाहावं, मग स्टुअर्डला गाठून एक साधा प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी किती जणांच्या तक्रारी लढवल्या? उत्तर देताना तो अडखळला तर महिनाभर थांबायला हरकत नाही. नावं-गावं सांगत बसला तर त्याच दिवशी सही करून टाकावी.