ब्रिस्टल, 1927: कंट्री संगीताचा ‘जन्म’ झाला म्हणतात तो कसा?

तुम्ही विचारलंय की कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं लोकप्रिय संगीत, 1927 साली तिथल्या ब्रिस्टल गावात जन्मलं हे खरं का, आणि तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये एवढं काय विशेष होतं.

जन्म म्हणणं चुकीचं आहे. अमेरिकी काँग्रेसने 1998 मध्ये ब्रिस्टलला तसा मान दिला, पण या संगीताच्या तबकड्या त्याआधीच विकल्या जात होत्या. फिडल (व्हायोलिन) वाजवत गाणाऱ्या फिडलिन जॉन कार्सनचं अटलांटातलं रेकॉर्डिंग जून 1923 चं आहे आणि ते घडवून आणणाऱ्यांत, तबकड्यांच्या कंपन्यांसाठी रेकॉर्डिंग करणारा राल्फ पीअर होता. चार वर्षांनी ब्रिस्टलला आला तोही हाच पीअर. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या: मायक्रोफोन आला होता आणि पीअरचा पैशाचा हिशेब वेगळा झाला होता.

1923 मध्ये भोंग्यात तोंड घालून गावं लागे. आवाजाच्या नुसत्या जोरावर सुई हलायची, त्यामुळे खणखणीत गळा आणि फिडल उमटे, गिटार मात्र बुडून जाई. 1925 पासून व्हिक्टर कंपनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवरची पद्धत वापरू लागली आणि हलका आवाजही नीट पकडता येऊ लागला. ही व्हिक्टर म्हणजे आपल्याकडच्या जुन्या एचएमव्ही तबकड्यांवर दिसतो तोच कुत्रा मिरवणारी कंपनी.

ब्रिस्टलचा मुख्य रस्ता, स्टेट स्ट्रीट, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच आहे. त्याच्या टेनेसीकडच्या बाजूला, टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीतल्या रिकाम्या मजल्यावर पीअरने व्हिक्टरसाठी 25 जुलै ते 5 ऑगस्ट मुक्काम ठोकला. बरोबर दोन तंत्रज्ञ होते. घुमू नये म्हणून भिंतींना जाड पांघरुणं टांगली. मेणाची जाड तबकडी फिरवायला विजेची मोटर नव्हती. उंचावरून सावकाश खाली येणाऱ्या वजनावर ती फिरे, कारण वेग जरा जरी कमीजास्त झाला तरी सूर हलतो. मेणावर कोरलेलं लगेच वाजवून बघायची सोय नव्हती. सुई फिरली की ते मेण वाया गेलं. म्हणून एकच गाणं दोनदा-तीनदा कोरायचं आणि मेणं न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला, व्हिक्टरच्या कारखान्यात, धाडायची. वेळ तीन मिनिटांच्या आसपास. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर आपली नाट्यपदं आटोपशीर करावी लागली ती याच मर्यादेमुळे.

आता पैसा. तबकडीच्या प्रत्येक बाजूमागे कलाकाराला 50 डॉलर रोख मिळत आणि वर थोडी रॉयल्टी. पीअरची कमाई गाण्यांच्या स्वामित्वहक्कातून व्हायची. साहजिकच त्याला हवी होती नवी, किंवा जुनी असूनही कोणी नोंदवून न ठेवलेली गाणी. मला तर हीच ब्रिस्टलची सगळ्यात मोठी घडामोड वाटते. पुढे, ब्रिस्टलला गायलेल्या कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर डोंगरातल्या गावागावांतून गाणी गोळा करत हिंडले ते याच मागणीपायी. त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. शब्द कार्टर उतरवून घेत आणि चाल रिडल ध्यानात ठेवी. हक्काच्या कागदांवर मात्र नाव कार्टरचं लागे, आणि हा अन्याय विसरू नये असं माझं ठाम मत आहे.

ब्रिस्टलला आलेला गायक जिमी रॉजर्स यालाही नव्या गाण्यांची हीच मागणी लागू होती. 4 ऑगस्टला तो एकटाच गायला, कारण साथीदारांशी आदल्या रात्री बिनसलं होतं. दोन गाणी झाली आणि दोन्ही जुन्या वळणाची. खरा गाजला तो 30 नोव्हेंबरला कॅम्डेनमध्ये गायलेल्या पहिल्या ‘ब्लू योडेल’ने (योडेल म्हणजे गळा पटकन उंच सुरात पलटवत गाणं).

ऐकायचंच असेल तर कार्टर कुटुंबाचं 2 ऑगस्टचं ‘सिंगल गर्ल, मॅरीड गर्ल’ ऐका. ए. पी. त्यात नाहीत. गाते त्यांची पत्नी सारा, गिटारवर त्यांची अठरा वर्षांची भावजय मेबेल. तिचा अंगठा खर्जाच्या तारांवर चाल वाजवतो आणि तर्जनी बारीक तारांवरून फिरत ताल धरते, म्हणजे एकाच वाद्यावर धून आणि साथ दोन्ही. अंगठ्याचे स्वर वेगळे काढून ऐकायला हेडफोन लावा, आणि लगेच त्यानंतर कार्सनची 1923 ची तबकडी लावा. तिच्यात गिटार नाही, नुसता गळा आणि फिडल आहे, पण मायक्रोफोनने काय केलं ते दोन्हींतल्या आवाजाच्या फरकावरून कळेल.