वडिलांच्या शॉपिंग ॲपवरून कुणीतरी गिफ्ट कार्डं घेतली. खातं पुन्हा सुरक्षित कसं करायचं?

भाऊ, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, उत्तर नंतर वाचा. तक्रार तिथे नोंदवली की ती पोलीस आणि बँकांपर्यंत एकदमच पोचते, आणि पैसा पुढे काढला गेला नसेल तर आहे तिथे गोठवता येतो. उशीर झाला की तो चार खात्यांतून फिरून निघून जातो. त्यासाठी जिल्ह्याला, यवतमाळला जायची गरज नाही, घरूनच होतं. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करता येते. पोच क्रमांक मिळेल तो लिहून ठेवा. ऑर्डर क्रमांक, वेळ, रक्कम यांचे स्क्रीनशॉट काढा आणि एकही मेसेज पुसू नका. शॉपिंग कंपनीलाही लगेच कळवा, कारण गिफ्ट कार्डाचा कोड वापरला गेला नसेल तर कंपनी तो थांबवू शकते. पण कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे ठगांनी आपलेच नंबर पेरून ठेवलेले असतात. ॲपमधल्या ‘मदत’ विभागातूनच जा.

तुम्ही लिहिलंय की पैसे ॲपच्या वॉलेटमधून आणि ‘पे लेटर’मधून, म्हणजे ॲपच्या उधारीतून गेले, ओटीपी आलाच नाही, आणि सकाळी पासवर्ड चालेना. मी राळेगाव तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, अशा तक्रारी घेऊन माणसं माझ्याकडे येतात. कार्डाने पैसे भरताना ओटीपी लागतो, पण वॉलेटमधली शिल्लक आणि पे लेटर बऱ्याचदा ओटीपीशिवायच वापरता येतं. चोर म्हणूनच आधी त्यांना हात घालतो. गिफ्ट कार्डच का, तर त्याला पत्ता लागत नाही आणि डिलिव्हरीवाला लागत नाही. कोड ईमेलवर येतो आणि लगेच विकता येतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही शॉपिंग ॲपचा पासवर्ड बदलायच्या मागे लागला असाल. तो आत्ता बदलून फायदा नाही. त्या खात्याची खरी किल्ली जीमेल आणि सिमकार्डात आहे, आणि आपल्या गावांत या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा दुसऱ्यानेच सुरू करून दिलेल्या असतात. नवा फोन घेतला की मोबाईल दुकानदारच जीमेल काढून देतो. पासवर्ड त्याच्या लक्षात, रिकव्हरी नंबर त्याचा नाहीतर भाच्याचा, आणि तेच जीमेल आणखी कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये चालू. दुकानदार प्रामाणिक असेलही, त्याच्यावर लगेच संशय घेऊ नका. पण त्याच्या दुकानातला एखादा फोन विकला गेला, तरी तुमच्या वडिलांचं जीमेल त्याच्यासोबत जातं. जीमेल ज्याच्या हातात, तो ‘पासवर्ड विसरलो’ दाबून शॉपिंग खातं कितीही वेळा परत घेईल.

म्हणून क्रम असा धरा. वडिलांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेली एखादी एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल, टाकली होती का, ते आधी विचारा. ‘पीएम किसान’ नावाची, गाडीच्या चलानाची, बँकेच्या केवायसीची. गावाच्या ग्रुपवर ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून या फायली येतात, कारण त्याचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो. हे ॲप मेसेज वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी चोराकडे पाठवतं. तुमचा ओटीपी ‘आलाच नाही’, त्यामागे हेही असू शकतं. अशी फाईल टाकली असेल तर फोनचा डेटा बंद करा, फोटो, नंबर आणि पुराव्याचे स्क्रीनशॉट दुसरीकडे काढून घ्या आणि मगच फोन फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. पासवर्ड त्या फोनवरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला.

मग जीमेल. गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल पाहा. तिथे घरचाच नंबर हवा. ‘तुमची डिव्हाइस’मध्ये अनोळखी फोन दिसला तर साइन आउट करा, पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. एवढ्यावर थांबू नका. जीमेल एकदा कॉम्प्युटरवर उघडा आणि सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर’ व ‘फॉरवर्डिंग’ तपासा. मोबाईल ॲपमध्ये हे दिसत नाही. ऑर्डरची ईमेल आली की आपोआप पुसली जावी असा फिल्टर चोर लावून ठेवतात, म्हणून घरच्यांना खरेदीचा पत्ता लागत नाही.

सिमचं दुखणं आपल्याकडचं खास आहे. पेरणीच्या दिवसांत हात आखडता असतो, रिचार्ज राहून जातो, नंबर बंद पडतो आणि पुढे माणूस नवं सिम घेतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. तुमचं शॉपिंग खातं आणि बँक अजून त्या जुन्या नंबरवर असेल, तर ओटीपी त्या नव्या माणसाकडे जाणार. वडिलांचा नंबर प्रत्येक ठिकाणी एकच आणि चालू आहे ना, ते पाहा. त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

हे सगळं झाल्यावरच शॉपिंग खातं. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, नवा पासवर्ड लावा, पत्त्यांच्या यादीतले अनोळखी पत्ते काढा. हा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरलेला नको. २०२० मध्ये बिगबास्केट या किराणा ॲपच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याच्या बातम्या होत्या. अशी एखादी यादी हाती आली की ठग तेच ईमेल आणि तोच पासवर्ड बाकीच्या ॲपांवर लावून पाहतात. वडिलांना पासवर्ड लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहून पेटीत सातबाऱ्यासोबत ठेवा. फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पे लेटर सरळ बंद करा, वॉलेटमध्ये शिल्लक ठेवू नका. परताव्याचे पैसे बँकेत घ्या. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात, लागेल तेव्हा चालू करा आणि मर्यादा लहान ठेवा. माझं ठाम मत आहे की कापसाचा चुकारा ज्या खात्यात येतो, ते खातं कुठल्याच शॉपिंग ॲपला जोडू नये. खरेदीसाठी वेगळं खातं काढा आणि त्यात लागेल तेवढेच पैसे टाका. “माह्याजवळ काय हाय लुटाले?” असं म्हणणाऱ्याचंच वर्षाचं उत्पन्न एका खात्यात पडलेलं असतं.

बँकेच्या खात्यातूनही पैसे गेले असतील तर तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात या मुदतीत कळवलं तर नुकसान ग्राहकावर येत नाही. चौथ्या ते सातव्या कामाच्या दिवसापर्यंत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतं. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरतात, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. वॉलेटसाठीही असाच नियम २०१९ मध्ये आला. म्हणून वडिलांकडून खरं काय झालं ते शांतपणे काढून घ्या. घरात बोलणी बसतील या धाकाने म्हातारी माणसं गोष्ट लपवतात आणि हे दिवस निघून जातात. त्यांनी फसवलेलं नाही, ते फसवले गेलेत.

येत्या दिवसांत “तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो” असा फोन येऊ शकतो. पोलीस, बँक, वकील, काहीही सांगतील, फी मागतील, स्क्रीन शेअर करायला लावतील. तो ठगच असतो, अनेकदा तीच टोळी. फोन ठेवा आणि तो नंबर तुमच्या तक्रारीत जोडा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार नाकारली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पोच क्रमांक आणि बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. अर्ज लिहिताना अडलात तर इथेच विचारा, मजकूर सांगतो.